देऱ्याच्या अत्तरबाजारात पहिल्यांदा जाताना

दुबईला पाहुणे आले की त्यांच्या यादीत बुर्ज खलिफा असतो, सोनं असतं आणि तिसऱ्या-चौथ्या नंबरावर 'तिथलं ते अत्तर' असतं. ते म्हणजे नक्की कुठलं, हे कुणालाच धड सांगता येत नाही. कधीतरी एखाद्या लग्नात आखातातून आलेल्या माणसाच्या कपड्यांना आलेला वास, एवढीच त्याची ओळख. मग आम्ही त्यांना देऱ्यात, म्हणजे दुबईच्या खाडीपलीकडच्या जुन्या बाजारभागात, घेऊन जातो. अकरा वर्षं खाडीच्या अलीकडे बर दुबईत राहून अशा फेऱ्या किती झाल्या त्याचा हिशेब नाही, पण नवखा माणूस कुठे चुकतो ते आता पाठ झालंय. तो घाई करतो. अर्ध्या तासात वीस वास घेतो, एकविसावा विकत घेतो आणि खोलीवर येऊन म्हणतो, "अरे, दुकानात असा नव्हता येत!"

म्हणून पहिली सूचना हीच: ह्या बाजारात दोनदा जा. पहिल्या दिवशी फक्त वास घ्यायला, पाकीट न काढता. दुसऱ्या दिवशी विकत घ्यायला. पुढचं सगळं ह्या दोन फेऱ्यांच्या हिशेबाने सांगते.

कधी आणि कसं जायचं

थंडी, म्हणजे इथली थंडी, नोव्हेंबर ते मार्च. तेव्हाच फिरण्यात मजा आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि घामेजलेल्या हातावर अत्तराची परीक्षा होत नाही. दुकानं सकाळी दहाच्या सुमारास उघडतात, बरीचशी दुपारी एक ते चार बंद असतात आणि मग रात्री दहापर्यंत चालू. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला सगळं थंड, संध्याकाळीच जा. माझी वेळ म्हणाल तर साडेचार. दुकानदार दुपारची झोप काढून ताजातवाना असतो, गर्दी झालेली नसते आणि त्याचं नाकही ताजं असतं. रमजानात बाजार इफ्तारनंतर खरा जागा होतो, पण ईदच्या आधीच्या आठवड्यात नवख्याने जाऊ नये. तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

मेट्रोने जायचं तर ग्रीन लाइन. 'गोल्ड सूक' नावाचं स्टेशन आहे (आधी त्याचं नाव पाम देरा होतं), तिथून चालत जाता येतं. पण पहिल्यांदा जात असाल तर अब्राने जा. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. ग्रीन लाइनच्याच अल गुबैबा स्टेशनला उतरायचं, बर दुबईच्या धक्क्यावर यायचं आणि 'देरा ओल्ड सूक'च्या होडीत बसायचं. भाडं एक दिरहम, सुटे नाणे हातात ठेवा. मधल्या बाकावर दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून माणसं बसतात, होडी भरली की सुटते आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे.

पलीकडे उतरलात की समोर मसाल्यांचा सूक. सूक म्हणजे बाजार. इथे पोत्यांतून केशर, सुकी लिंबं, गुलाबाच्या कळ्या, ओमानी लोबान मांडलेला असतो आणि "काय ताई, कशी आहेस?" असं अस्खलित मराठीत विचारणारे पोरगेही असतात. चेहरा बघून भाषा ओळखण्यात ही मंडळी आपल्या दादरच्या फेरीवाल्यांच्या वरताण. हसा, पुढे चला. तिथून सोन्याचा बाजार, तो छपराखाली आहे. त्याच्या पूर्वेच्या टोकाने बाहेर पडलात की सिक्कत अल-खैल नावाचा रस्ता लागतो. तोच अत्तरबाजार.

बघून जरा निराशा होते, हे आधीच सांगून ठेवते. कमानी, कंदील, गालिचे असलं काही नाही. साधा रस्ता, वर छप्पर नाही, दोन्ही बाजूंना एसी दुकानं, काचेच्या कपाटांत आरशासमोर मांडलेल्या बाटल्या. पण दोन-चार दुकानांची दारं एकदम उघडली आणि आतला धूप रस्त्यावर आला की कळतं आपण कुठे आलोय.

चार-पाच शब्द आधी शिकून घ्या

हिंदीवर काम भागतं. विक्रेते बहुतेक केरळचे, उत्तर प्रदेशातले, बांगलादेशी, पाकिस्तानी किंवा इराणी असतात. तरी बाटलीवरचे शब्द अरबी असतात आणि ते ठाऊक नसले की माणूस 'अच्छावाला दिखाओ' म्हणतो. असं म्हणाल तर तुम्हाला सर्वांत महागडं दाखवतील.

ऊद म्हणजे अगराचं सुगंधी लाकूड. त्या लाकडातून काढलेलं तेल म्हणजे दह्न अल-ऊद. मुखल्लत म्हणजे मिश्रण: ऊद, गुलाब, केशर, कस्तुरीसारखे वास एकत्र करून बनवलेलं तेलकट अत्तर. दर दुकानाचा आपापला मुखल्लत असतो आणि मालकाला त्याचा गोडा मसाल्याच्या घरगुती मापासारखा अभिमान असतो. बखूर म्हणजे निखाऱ्यावर टाकायचा धूप, लाकडाच्या चुऱ्यात अत्तरं आणि गोडसर पदार्थ मुरवून केलेला. ज्यात तो जाळायचा ती धूपदाणी म्हणजे मबखरा. वर्द म्हणजे गुलाब, त्यातही सौदीतल्या ताइफचा गुलाब मानाचा. मस्क म्हणजे कस्तुरी, पण ती नावाचीच, त्याबद्दल पुढे सांगते.

आणि एक शब्द शिकायची गरज नाही, तो आपलाच आहे: तोळा. इथे अत्तर अजून तोळ्यावर विकलं जातं. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यामुळे तोळ्याची बाटली साधारण १२ मिलिलिटरची, अर्धा तोळा ६ ची, पाव तोळा ३ ची. हे माप इथे टिकलं ते हिंदुस्थानशी असलेल्या जुन्या व्यापारामुळे. नाणंही आपलंच चालायचं. १९५९ पर्यंत भारतीय रुपया आणि त्यानंतर १९६६ पर्यंत रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला रुपया. दिरहम आला तो १९७३ मध्ये. तेव्हा पाहुण्यासारखं बिचकून उभं राहायचं कारण नाही.

पहिली फेरी: फक्त नाक

सकाळपासून अंगावर काही लावू नका. ना सेंट, ना वासाचं बॉडी लोशन, ना केसाला कसलं सुगंधी तेल. फुल बाह्यांचा पण कोपरापर्यंत सहज वर सरकणारा सुती कुर्ता किंवा शर्ट घाला. बाह्यांचं कारण पुढे येतंय.

दुकानात शिरल्यावर सरळ सांगा, "आज सिर्फ देखने आए हैं, कल लेंगे." चांगला दुकानदार ह्याने नाराज होत नाही. ज्याचा चेहरा पडतो त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका, निवड आपोआप झाली. कोणी गहवा, म्हणजे वेलची घातलेली कोरी अरबी कॉफी, पुढे केली तर घ्या, उजव्या हाताने. घेतली म्हणून खरेदी करावीच लागते असं नाही.

तेलकट अत्तराच्या बाटलीच्या बुचाला आत काचेची लांब दांडी असते. दुकानदार ती दांडी बाटलीच्या कडेला निथळवून तुमच्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवतो. हळदीकुंकवाला आपल्याकडे अत्तर लावतात ना, अगदी तसंच. पहिल्या वेळी माझा हात तर आपोआप उलटा झाला होता. आता करायचं एवढंच: चोळायचं नाही. दोन्ही मनगटं एकमेकांवर घासण्याची सवय सगळ्यांना आहे, ती इथे सोडा. थेंब जिथे आहे तिथे राहू द्या.

आणि लगेच हुंगूही नका. एका म्हाताऱ्या मलबारी विक्रेत्याने मला पहिल्यांदा दम दिला होता, "पाँच मिनट हाथ नीचे रखो, मॅडम." तेलाचा वास हळूहळू उलगडतो. अल्कोहोलच्या स्प्रेमध्ये पहिल्या पंधरा मिनिटांत जो भपका येतो तो उडून जाणारा असतो, खरं अत्तर त्यानंतर उरतं. तेलात हा भपका कमी, पण बदल जास्त. सकाळी लावलेला मुखल्लत संध्याकाळी वेगळाच निघतो.

एका फेरीत चार जागा वापरा: दोन्ही हातांची मागची बाजू आणि दोन्ही कोपरांच्या आतला खोलगट भाग. म्हणजे चार अत्तरं, बास. कागदी पट्टीवर हवी तितकी हुंगा, पण त्यातून फक्त नको असलेली वगळायची. त्वचेवर गेल्याशिवाय कुठल्याही अत्तराला हो म्हणू नका. आणि मोबाइलमध्ये लगेच नोंद करा: 'डावा हात, कोपऱ्यावरचं दुकान, निळ्या बुचाची बाटली'. बाटलीचा फोटो विचारून काढा. मी नोंद न करता घरी आले आहे आणि डाव्या कोपरात स्वर्ग असून त्याचा पत्ता माहीत नाही, अशी रात्र काढली आहे.

मध्येच नाक बधिर होतं. सगळ्याचा वास एकसारखा, साखर जळल्यासारखा येऊ लागतो. दुकानात कॉफीच्या बिया ठेवलेली वाटी पुढे करतात. मला त्याचा फारसा उपयोग झालेला नाही. त्यापेक्षा स्वतःच्या कुर्त्याची बाही नाकाशी धरा, दोन-चार श्वास घ्या. नाकाला ओळखीचा, साधा वास मिळाला की ते ताळ्यावर येतं. त्यानंतर दहा मिनिटं बाहेर रस्त्यावर उभं राहा, करक चहा प्या. घट्ट दुधाचा, खूप उकळलेला, आपल्या टपरीचाच आखाती भाऊ.

ऊद: इथे थोडं थांबू

बाकी सगळं सोडलं तरी चालेल, पण ऊदाचा वास घेतल्याशिवाय परत येऊ नका. नावाने तो आपल्या घरात आहेच. अगरबत्तीतलं 'अगर' म्हणजे हेच लाकूड, संस्कृतातला अगरू. आता उदबत्तीत अगर राहिलेलं नाही, नाव मात्र राहिलं.

अगराचं निरोगी झाड फिकट लाकडाचं असतं आणि त्याला म्हणावा असा सुगंध नसतो. झाडाला जखम झाली, त्यातून बुरशी शिरली की स्वतःला वाचवायला ते गडद राळ तयार करतं. ती राळ वर्षानुवर्षं लाकडात मुरते, लाकूड काळपट आणि जड होतं. उत्तम प्रतीचा तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. जंगलात थोड्याच झाडांत हे घडतं, म्हणून किंमत. आता लागवड करून, मुद्दाम जखम करून राळ तयार करतात, त्यामुळे मध्यम प्रतीचा माल मुबलक मिळतो.

दुकानात 'हिंदी', 'कंबोडी', 'बर्मी' अशी नावं ऐकू येतील. हिंदी म्हणजे आपल्या ईशान्येकडचा, मुख्यतः आसामचा. होजाई हे तिथलं ह्या धंद्याचं मोठं गाव. आखातात जुन्या खानदानी लोकांत हिंदी ऊदाला फार मान आहे. कंबोडी गोडसर, फळासारखा, नवख्याला पटकन आवडणारा.

हिंदी ऊद मात्र पटकन आवडत नाही. साताऱ्याच्या माझ्या मावशीच्या हातावर पहिल्यांदा त्याचा थेंब लावला तेव्हा तिने हात झटकला. "अगं, हा गोठ्याचा वास आहे! गोठ्याच्या वासाला एवढे पैसे?" तिचं चुकलं नव्हतं. तेल काढण्याआधी लाकूड बरेच दिवस पाण्यात भिजत ठेवतात, ते आंबतं आणि त्यातून हा चामड्यासारखा, गुरांच्या गोठ्यासारखा उग्रपणा येतो. मी काही बोलले नाही. परतीच्या अब्रात खाडीचा वारा लागत होता, मावशी गप्प बसली होती आणि दर मिनिटाला पदराआडून हात नाकाशी नेत होती. गोठा मागे पडून खाली ओलं लाकूड, मध, थोडा धूर असं काहीतरी वर आलं होतं. घरी आल्यावर भांडी घासायला तिने तो हात पाण्यात घातला नाही. मी घासली.

सांगायचा मुद्दा: ऊदाला निदान अर्धा तास द्या. पहिल्या वासावर नाक मुरडलंत तर ती तुमच्या नाकाची चूक नाही, पण निकाल तेवढ्यात देऊ नका.

लाकडाचे तुकडे घ्यायचे असतील तर दुकानदाराला एक बारीक ढलपी जाळून दाखवायला सांगा. चांगल्या तुकड्यावर उष्णतेने राळ बुडबुडत वर येते आणि धूर डोळ्यांना झोंबत नाही. फार काळेकुट्ट, सगळीकडे सारख्याच रंगाचे, चकचकीत तुकडे दिसले तर सावध व्हा. साध्या लाकडावर रंग आणि कृत्रिम वास चढवून विकणं हा जुना उद्योग आहे. खऱ्या तुकड्यात फिकट-गडद रेषा दिसतात, तो चट्ट्यापट्ट्यांचा असतो. तेलाबद्दल मात्र कागदावर थेंब टाका, पाण्यात टाका, जाळून बघा असल्या घरगुती परीक्षांवर विसंबू नका. भेसळ करणाऱ्यालाही त्या ठाऊक असतात. त्वचेवर आठ-दहा तास काय राहतं, ही एकच परीक्षा आपल्या हातात आहे. म्हणून तर दोन फेऱ्या.

दुसऱ्या दिवशी: खरेदी

रात्री अंघोळीआधी, सकाळी उठल्यावर, दोन्ही वेळा चारही जागा हुंगा. बहुतेक वेळा दोन आपोआप बाद होतात. उरलेल्यांपैकी जे आवडलंय ते घ्यायला जा, नवीन काही हुंगत बसू नका.

भाव. ब्रँडच्या मोठ्या दुकानांत किंमत ठरलेली असते, तिथे फार तर एखादी छोटी बाटली वर मिळेल. ह्या ब्रँडांमध्ये आपल्या ओळखीचे धागेही आहेत. रसासीचे संस्थापक अब्दुल रज्जाक कालसेकर, १९७९ साली त्यांनी इथे सुरुवात केली. नवी पनवेलला ज्यांच्या नावाचं पॉलिटेक्निक आहे तेच. अजमलची सुरुवातही आसामचं अगर घेऊन मुंबईत, १९५१ च्या सुमारास झाली. बाकी सुट्या दुकानांत घासाघीस चालते, किंबहुना ती धरूनच भाव सांगितलेला असतो. पहिल्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा आणि दोन-तृतीयांशाच्या आसपास थांबायची तयारी ठेवा. आवाज चढवायचा नाही. 'शुक्रन', म्हणजे धन्यवाद, म्हणून दाराकडे वळलात की शेवटचा भाव कळतो. साधा मुखल्लत पाव तोळ्याला वीस-तीस दिरहमपासून मिळतो. खरं दह्न अल-ऊद तेवढंच घ्यायला गेलात तर शेकड्यांत बोला. कुणी 'असली हिंदी ऊद' पन्नास दिरहमला अर्धा तोळा देत असेल तर ते अत्तर असेल, छानही असेल, पण हिंदी ऊद नाही. आवडलं तर मुखल्लत समजून खुशाल घ्या.

फसगत कशी होते ते माझ्यावरून सांगते. इथलं पहिलंच वर्ष. एका दुकानात, नाव राहू दे, अर्धा तोळा कंबोडी घेतलं. हातावर लावलेलं सुरेख होतं. त्याने माझ्याशी गप्पा मारत मागे वळून बाटली भरली, बुचाला सोनेरी कागद लावला, मखमली डबीत घालून दिली. दुसऱ्या दिवशी उघडलं तर फरशी पुसायच्या लिक्विडचा वास. परत गेले. तो शांतपणे म्हणाला, "सर्दी हुआ होगा आपको." दाखवायची बाटली वेगळी आणि भरायची वेगळी, हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम असा: बाटली समोर भरायला लावायची आणि भरलेल्या बाटलीची दांडी हाताला लावून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मिलिलिटर विचारायचे, कारण जाड बुडाची नक्षीदार बाटली तोळ्याची दिसते आणि आत निम्मंच मावतं. शक्यतो साधी, पेचाच्या झाकणाची किंवा रोल-ऑनची बाटली मागायची. नक्षीदार बाटली पाहिजेच असेल तर रिकामी वेगळी घ्या. आणि बिल घ्या, त्यावर मालाचं नाव लिहून घ्या. पर्यटक असाल आणि बिल २५० दिरहमच्या वर असेल तर पाच टक्के व्हॅटपैकी बराचसा भाग विमानतळावर परत मिळू शकतो, पण दुकान त्या योजनेत असायला हवं. छोटी दुकानं बहुधा नसतात. आधी विचारा.

गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले 'फर्स्ट कॉपी, परफ्यूम, वॉच, बॅग' असं कुजबुजणारे लोक भेटतील. ते वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत घेऊन जातात. जाऊ नका. फ्रेंच सेंटसारखा वास हवाच असेल तर दुकानातच 'त्याच्यासारखं' तेल उघडपणे मिळतं, तुमच्यासमोर अल्कोहोल घालून स्प्रेची बाटलीही करून देतात. पण त्यासाठी देऱ्यापर्यंत कशाला यायचं? मोहम्मद अली रोडवर तेच मिळतं.

काय आणायचं नाही

'असली कस्तुरी' कुणी दाखवली तर ती बहुधा खोटी असते आणि खरी असेल तर गुन्हा. हिमालयातल्या कस्तुरीमृगाच्या व्यापाराला आंतरराष्ट्रीय बंदी आहे. बाजारात सर्रास मिळणारं पांढरं मस्क प्रयोगशाळेतलं असतं, स्वच्छ धुतलेल्या कपड्यांसारखा त्याचा वास, ते बिनदिक्कत घ्या. तीच गोष्ट अंबरची. अंबरच्या नावाने मिळणाऱ्या सुगंधी वड्या आणि तेलं मिश्रणं असतात. पण समुद्रातलं खरं अंबर, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतली 'व्हेल माशाची उलटी', भारतात जवळ बाळगणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्यापायी अटका झाल्याच्या बातम्या कोकणातूनही येत असतात. एक खडाही आणू नका, भेट म्हणूनही नाही.

अगराचं झाडही संरक्षित आहे. २००५ पासून त्याच्या सगळ्या जाती 'साइट्स' ह्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आहेत. त्या करारात प्रवाशाच्या वैयक्तिक वापरासाठी माणशी १ किलो लाकूड आणि २४ मिलिलिटर तेलाची सवलत दिलेली आहे. २४ मिलिलिटर म्हणजे बरोबर दोन तोळे. त्याहून कितीतरी कमीच घ्या, बिल जवळ ठेवा, आणि कुटुंबभर वाटायला मोठा माल घ्यायचा विचार असेल तर आधी परवान्याची चौकशी करा.

सामानात भरताना

हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, पण ३-६ मिलिलिटरच्या कुप्यांना तो प्रश्न नाही. काचेच्या बुचाची बाटली विमानात हमखास पाझरते. बुचाभोवती चिकटपट्टी, मग झिपची पिशवी, मग मोजा. आणि खजुरापासून लांब ठेवा. एकदा मी दोन्ही एकाच कप्प्यात ठेवले आणि पुण्याला नातेवाइकांनी ऊदाचे खजूर खाल्ले. कुणी तक्रार केली नाही, पण दुसरा कुणी उचलला पण नाही.

बखूरसाठीचा काडी लावताच पेटणारा गोल कोळसा इथे स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. ज्वलनशील म्हणून विमानात तो चालत नाही, सामानातून काढून टाकतात. कोळसा भारतातच घ्या किंवा विजेवरचा मबखरा न्या. हो, आणि हॉटेलच्या खोलीत बखूर जाळून बघण्याचा मोह आवरा. छतावरचा धुराचा भोंगा वाजला की सगळा मजला खाली उतरतो.

घरी गेल्यावर

अत्तर कपाटात, अंधारात ठेवा, खिडकीत किंवा बाथरूममध्ये नको. चांगलं ऊदाचं तेल वर्षं सरतील तसं मऊ होत जातं. आधी कोपराच्या आत एक थेंब लावून खाज येत नाही ना ते बघा. पांढऱ्या कपड्यावर थेट लावू नका, ऊदाचा पिवळट-तपकिरी डाग निघत नाही. कानामागे, मनगटावर, किंवा आपला जुना फाया कानात, तो उत्तम. एकच थेंब. लोकलमध्ये दोन थेंब लावून चढलात तर डब्यातले लोक तुमच्याकडे बघतील, आणि कौतुकाने नव्हे.

बखूर संध्याकाळी करा. इथल्या घरांत जेवण आटोपलं, गहवा झाला की मबखरा फिरवतात. पाहुणा धूर हाताने ओंजळीत घेतल्यासारखा अंगावर ओढतो, पुरुष डोक्याच्या रुमालाखाली धरतात. तो फिरला की उठायचं. 'मा बाद अल-ऊद गुऊद', ऊदानंतर बसणं नाही, अशी म्हणच आहे. अत्तरगुलाब, पानसुपारी झाली की कार्यक्रम संपला हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही, त्यातलाच प्रकार. त्यामुळे अरबी घरी जेवायला गेलात आणि मबखरा आल्यावरही गप्पा रंगवत बसलात तर यजमान काही बोलणार नाही, पण मनात नोंद करेल.

कोळसा चिमट्याने धरून पेटवा आणि त्यावर राखाडी साय धरेपर्यंत थांबा. लाल निखाऱ्यावर टाकलात तर बखूर जळतो, सुगंध येत नाही, करपल्याचा वास येतो. चिमूटभरच टाका. ऊदाचा तुकडा असेल तर नखाएवढा पुरतो. साड्या, ओढण्या हातभर वर धरा, रेशमाला ठिणगी लागू देऊ नका. धूर पडद्यांना धरतो आणि दोन दिवस राहतो, तेव्हा वरच्या मजल्यावर दम्याचं कुणी असेल तर खिडकी लावून घ्या. मबखरा खाली ठेवताना त्याखाली जाड पाट किंवा ताटली ठेवा. मी ठेवली नव्हती. भाड्याच्या घरातली फरशी तडकली आणि घर सोडताना डिपॉझिटमधून त्याचे पैसे कापले गेले.